भेगेचा खडबडीतपणा, तिसरी खेप: आधी सपाट फरशी मोजा

खडकातल्या भेगेचा खडबडीतपणा फोटोग्रॅमेट्रीने, म्हणजे अनेक फोटोंवरून पृष्ठभागाचा त्रिमितीय आकार काढून, मोजतोय. त्याचे आकडे या खेपेत ताळ्यावर आले. बेसाल्टच्या नैसर्गिक भेगेवरची १० सेंमीची रेघ १ मिमी पिनांच्या प्रोफाइल गेजने (दाबल्यावर पृष्ठभागाचा आकार घेणारी पिनांची पट्टी) कागदावर उतरवली आणि बार्टन-चौबे यांच्या १९७७ च्या दहा नमुना-रेघांशी ताडून पाहिली, तेव्हा जेआरसी (भेगेच्या खडबडीतपणाचा आकडा, जास्त म्हणजे जास्त खडबडीत) ६ ते ८ दिसत होता. त्याच रेघेचा फोटोंवरून आकडा येत होता जवळपास १७. डोळ्यांच्या अंदाजात चूक होते, पण एवढी नाही.

फोटोंवरचा जेआरसी झेड२ वरून काढतो. झेड२ म्हणजे रेघेवरच्या लगतच्या बिंदूंमधल्या उतारांचे वर्ग करून सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. त्यावरून त्से-क्रुडेन यांचे १९७९ चे सूत्र: जेआरसी = ३२.२ + ३२.४७ × लॉग झेड२ (लॉग १० च्या पायाचा). गोची उतारातच आहे. उंचीतली चूक तेवढीच राहते, पण बिंदू जवळ घ्याल तशी ती लहान अंतराने भागली जाते.

म्हणून घासून सपाट केलेली, चमक नसलेली दगडी फरशी त्याच मांडणीत मोजली. उंचीतला नॉइज (मोजणीतली इकडेतिकडे होणारी चूक) ०.०५ मिमी निघाला. बिंदूंमधले अंतर ०.२५ मिमी ठेवले, तर नुसत्या नॉइजचाच झेड२ ०.२८ होतो, म्हणजे साफ सपाट फरशीला जेआरसी १४! अंतर ०.५ मिमी केले की ०.१४, १ मिमीला ०.०७. भेगेचा ०.२५ मिमीवरचा झेड२ ०.३३ होता. वर्गांची वजाबाकी केली (०.३३² − ०.२८²) की उरतो साधारण ०.१७, जेआरसी ७. गेजशी जुळला.

ही वजाबाकी प्रत्येक बिंदूचा नॉइज स्वतंत्र असेल तरच चालते. सॉफ्टवेअरने पृष्ठभाग गुळगुळीत केला असेल तर ती करू नका, सरळ १ मिमी अंतर घ्या. त्से-क्रुडेन यांचे सूत्रही १.२७ मिमी अंतरावर बसवलेले आहे, त्यामुळे १ मिमीच जास्त भरवशाचे. कुठलाही जेआरसी लिहिताना शेजारी अंतर लिहाच, नाहीतर तो आकडा दुसऱ्याच्या कामाचा नाही.

रेघ काढण्याआधी पृष्ठभागाला सर्वांत जुळणारे प्रतल वजा करा. ५ अंशांचा कल राहून गेला तर झेड२ ०.१७ चा ०.१९ होतो आणि जेआरसी जवळपास ९ वर चढतो.

फोटो ५० च्या आसपास, एकमेकांवर ७०-८० टक्के येतील असे, पसरट उजेडात. चौकटीत दोन मोजपट्ट्या, एक जुळवणीला, दुसरी तपासणीला. भेग मऊ ब्रशने आणि पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओलसर जागा आणि कॅल्साइटचे चमकणारे स्फटिक यांच्यावर खोटे खड्डे उमटतात. तारेचा ब्रश नकोच: तो बारीक टोके खुडतो, आणि मोजायची असतात तीच.

पुढच्या खेपेत घसरणीच्या ओरखड्यांना समांतर ३ आणि आडव्या ३ रेघा. समांतर रेघांचा आकडा कमी यायला हवा, त्यामुळे दोन्हींची सरासरी काढायची नाही.