देठ आधी, पानं नंतर

नॉर्थ पॉइंटला चुन यंग स्ट्रीटवर भाजीबाजाराच्या मधून ट्राम जाते. घंटा वाजली की माणसं दोन्ही बाजूंना सरकतात आणि ट्राम गेली की पिशव्या घेऊन पुन्हा रुळांवर येतात. हाँगकाँगला राहायला आल्यापासून आमच्या घरची भाजी इथूनच येते. सुरुवातीला मात्र मी तिथे नुसती बघत उभी राहायची. मेथी नाही, शेपू नाही, चाकवत नाही. समोर हिरव्या जुड्यांचे ढीग आणि प्रत्येकावर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिनी अक्षरं आणि एक आकडा. तो आकडाही किलोचा नसतो, 'गान'चा असतो. इंग्रजीत त्याला कॅटी म्हणतात. हाँगकाँगात एक गान म्हणजे साधारण ६०५ ग्रॅम, पण सीमेपलीकडे शेन्झेनमध्ये तोच ५०० ग्रॅमचा. आम्हा दोघांना एका वेळेला अर्धा गान पुरतो.

मी जिच्याकडून भाजी घेते ती बाई प्रत्येकीला 'लेंग लुई' म्हणते, म्हणजे सुंदरी, मग गिऱ्हाईक विशीतलं असो की सत्तरीतलं. तोलून झालं की पिशवीत पातीच्या कांद्याच्या दोन काड्या फुकट टाकते. आपल्याकडे मूठभर कोथिंबीर नाहीतर कढीपत्त्याची डहाळी पडते, तशीच. त्या पातीमुळे माझी भीड चेपली आणि मी खुणा करून विचारायला लागले, हे कसं करायचं?

उत्तर जवळजवळ नेहमी एकच यायचं. उकळत्या पाण्यातून काढ, नाहीतर लसणीवर परत. एवढंच? मसाला? तिखट? ती मान हलवायची.

पहिली भाजी केली ती चॉय सम. मोहरीच्या कुळातली, कोवळे रसरशीत देठ, टोकाला पिवळ्या फुलांचे कळे. कळे मिटलेले असावेत, फार फुललेली जुडी जून निघते. देठाचा कापलेला भाग बघायचा, मध्ये पांढरट ठिपका असेल तर आत दोरे असतात. घरी आणून बराच वेळ पाण्यात बुडवून ठेवते. इथल्या अन्नसुरक्षा विभागाचा सल्ला असा की पालेभाजी तासभर पाण्यात ठेवून धुवावी, किंवा मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून ते पाणी फेकून द्यावं. कीटकनाशकांसाठी हे आहेच, पण देठांच्या बेचक्यात बसलेली रेतीही त्यात सुटते.

मग विळी घ्यायची नाही. हे सगळ्यात अवघड. रत्नागिरीकडच्या घरात वाढलेल्या माझ्या हाताला पालेभाजी म्हणजे बारीक चिरणं एवढंच माहीत. व्हिडिओ कॉलवर आई ओरडलीच, "अगो, अख्खी टाकतेस? गुरांना घालतेस काय?" अख्खीच टाकायची. फार तर आडवे दोन तुकडे.

शेजारच्या आजी, मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे 'पो पो' म्हणते, एकदा दारातून डोकावल्या आणि माझं पातेलं बघून हसायला लागल्या. एवढंसं पाणी? भाजी पोहली पाहिजे, असं त्यांनी हातवारे करून दाखवलं. मोठं पातेलं, खळखळतं पाणी, चमचाभर मीठ, चमचाभर तेल. तेलाने पानांना चकाकी येते. आधी देठ बुडवायचे, पानं हातातच धरून ठेवायची, वीस-तीस सेकंदांनी पानं सोडायची. एकूण मिनिट-दीड मिनिट. झाकण अजिबात नाही. यामागचं कारण मी नंतर वाचलं. शिजताना पानातून आम्ल सुटतं, ते हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकून लावतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. पाणी भरपूर असलं की आम्ल पातळ होतं, झाकण नसलं की काही अंश वाफेबरोबर निघून जातो. पो पोंना यातलं काही माहीत नसावं आणि त्यांचं त्यावाचून अडतही नाही.

निथळून ताटलीत आडवी लावायची. वर चमचाभर कडकडीत तेल. यात नवं काही आणावं लागलं नाही, कारण कँटनच्या, म्हणजे दक्षिण चीनच्या या भागातल्या, लोकांचंही लाडकं तेल शेंगदाण्याचंच. मग ऑयस्टर सॉस, थेट बाटलीतून नाही, तर दोन चमचे गरम पाणी, चिमूट साखर आणि पांढरी मिरी घालून सैल केलेला. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. ली कम की हा इथला सगळ्यात प्रसिद्ध सॉसवाला. त्याची सुरुवात १८८८ साली ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर झाली. कालवांचं पातेलं चुलीवर विसरलं, रस आटून दाट झाला, तोच हा सॉस, अशी कंपनीची कथा आहे. खरंखोटं ती कालवं जाणोत. शाकाहारींसाठी मशरूमचा सॉसही मिळतो. घरी सोमवार पाळले जातात, म्हणून माझ्याकडे दोन्ही बाटल्या असतात.

हे जमल्यावर गायलान आणली. तिचे देठ जाड, पानं निळसर हिरवी, फुलं पांढरी आणि चवीला किंचित कडू. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्यांना हा कडूपणा कौतुकाचा वाटेल. देठाची खालची साल सोलून घ्यायची. ही दोन ते तीन मिनिटं मागते. पाण्यात थोडी साखर घातली की कडूपणा मवाळ होतो. परतायची असेल तर आल्याचे काप आणि वरून थोडी तांदळाची वाइन, ही इथली जुनी जोडी. वाइन नसेल तर नुसतं आलंही पुरतं.

परतण्याचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि त्यात माझे बरेच दिवस गेले. हॉटेलच्या भट्टीची आग घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते. तिथला स्वयंपाकी कढई उडवतो, ज्वाळा आत शिरते, भाजी क्षणात होते. भाड्याच्या घरातल्या दोन बर्नरांवर तसं होणार नाही, हे एकदा मान्य केलं की काम सोपं होतं. घाण्याचा आकार कमी करायचा, एका वेळी जास्तीत जास्त तीनशे ग्रॅम. भाजी कोरडी हवी. ओली भाजी कढईत पडली की कढई थंड होते आणि पानं स्वतःच्याच पाण्यात उकडत बसतात. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवायची, तेल, मीठ, ठेचलेला लसूण, आणि लसूण लाल व्हायची वाट न बघता लगेच देठ. फोडणीची सवय असलेल्याला इथे घाई करावी लागते. देठांवर दोन चमचे गरम पाणी शिंपडलं की वाफ उठते आणि कमी आगीची थोडी भरपाई होते. मग पानं, चार-पाच पलटे आणि बाहेर. पानं पूर्ण बसायच्या आत गॅस बंद करायचा, राहिलेलं काम ताटलीत त्यांचं ती करतात.

या पद्धतीने सगळ्यात चांगली होते ती थुंग चॉय. पोकळ देठांची, पाण्याकाठी वाढणारी, उन्हाळ्यात स्वस्त. कोकणातल्या काहींना ती नाळीची भाजी म्हणून ओळखीची असेल. ती लसूण, लाल मिरची आणि 'फू यू' घालून करतात. फू यू म्हणजे आंबवून खारवलेल्या टोफूचे चौकोन, बरणीत पाण्यात ठेवलेले. बरणी उघडल्यावर पहिला वास नाक मुरडायला लावतो. सुकट भाजताना खिडक्या लावून घेणाऱ्या माणसांनी उगाच तोरा दाखवू नये, असं मी स्वतःला सांगितलं. दोन चौकोन बरणीतल्या थोड्या पाण्यात कालवायचे, लसणीपाठोपाठ कढईत घालायचे आणि वर भाजी. वेगळं मीठ नको. शिजल्यावर तो वास राहत नाही, दाट खारट चव राहते आणि पोकळ देठांत तो रस्सा शिरतो. सोबत भात हवाच. नवरा भाकरीशीही खातो, त्याचं ऐकू नका.

एक अडचण आली ती चातुर्मासात. आई इथे राहायला आली होती आणि तिचं कांदा-लसूण बंद. मला वाटलं, आता या सगळ्या भाज्या बाजूला पडणार. पण बौद्ध शाकाहार पाळणारे इथले लोकही लसूण आणि कांद्याची पात टाळतात. पो पो चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तसंच जेवतात. त्या दिवशी त्यांच्याकडे फक्त आलं, तेल, मीठ आणि भिजवलेले शिताके मशरूम. मशरूम भिजवलेलं पाणीच सूप म्हणून वापरायचं. आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "बरी आहे. पण खोबरं असतं तर..." मी खोबरं दिलं नाही.

तिने मनापासून खाल्ली ती यिन चॉय. कारण ती निघाली माठ, पानांवर लाल डाग असलेला. इथे तो रश्शात करतात. अख्ख्या लसणीच्या पाकळ्या मंद तेलात सोनेरी करायच्या, त्यात सूप ओतायचं, खारवलेल्या अंड्याचे आणि पिदानचे, म्हणजे मुरवून काळ्या झालेल्या अंड्याचे, तुकडे घालायचे, मग माठ सोडून तो मऊ होईपर्यंत चार-पाच मिनिटं शिजवायचा. कचकचीत ठेवण्याचा नियम माठाला लागू नाही. रस्सा गुलाबी होतो. हा प्रकार अर्थात चातुर्मास संपल्यावरचा, आणि पिदान आईने कडेला काढून ठेवलं.

रत्नागिरीला परतल्यावर ती लाल माठ असा करते. खारवलेलं अंडं तिथे मिळत नाही, म्हणून साधं उकडलेलं कुस्करून घालते आणि मीठ थोडं वाढवते. पालकही उकळत्या पाण्यातून काढून, वर गरम तेल आणि आलं घालून चांगला होतो, अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. मेथीवर हे करून बघायचं राहिलंय, इथे मेथी मिळवायची म्हणजे समुद्र ओलांडून चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीकडच्या भारतीय दुकानांत जावं लागतं, आणि एवढ्या लांबून आणलेली जुडी पाण्यात सोडवत नाही.