स्लीव्ह सर्जरी आणि विम्याची फाइल : माझा अनुभव

माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ३६ च्या पुढे होता. रात्री झोपेत श्वास अडकायचा, दिवसा ऑफिसात बसल्या बसल्या डोळा लागायचा. तरी इतक्या वर्षांत एकाही केस पेपरवर लठ्ठपणा हे निदान म्हणून लिहिलेलं नव्हतं. बीपीची गोळी मिळायची आणि उठताना ऐकायला मिळायचं, "जरा वजनाकडे बघा."

पुण्यातल्या एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हॉर्मोनतज्ज्ञ) मॅडमनी मात्र आधी टेपनं कंबर मोजली. मग थायरॉइड, साखर, लिव्हरची सोनोग्राफी आणि झोपेची तपासणी. तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो, तो आकडा म्हणजे एएचआय. तो ३० वर गेला की स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा हा विकार, तीव्र धरतात. माझा ४० च्या वर निघाला. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन लगेच सुरू झालं.

त्यांनी एक गोष्ट शांतपणे समजावली. वजन उतरलं की भूक आवरणारं हॉर्मोन लेप्टिन घटतं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, शिवाय शरीर ऊर्जाही कमी जाळायला लागतं. म्हणून डाएटनं उतरलेलं वजन परत चढतं. हे मला कुणी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड या भूक कमी करून वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचाही विचार झाला. औषधं चांगली आहेत, पण थांबवली की बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं. वर्षानुवर्षं तो खर्च झेपणार नव्हता. सगळं मांडून आम्ही स्लीव्ह सर्जरी, म्हणजे जठर लहान करण्याचं ऑपरेशन, ठरवली.

खरी लढाई पुढे होती. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे लठ्ठपणाची सर्जरी विम्यात बसायची तर बीएमआय ४० तरी हवा, किंवा ३५ आणि सोबत तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, हृदयविकार, आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काही. शिवाय साधे उपचार करून उपयोग झाला नाही, हे दाखवावं लागतं. माझ्या पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी संपलेला होता, तरी कंपनीनं आधी सर्जरी 'कॉस्मेटिक' ठरवून नकार दिला. मग आहारतज्ज्ञांचे जुने तक्ते, तारखेनिशी वजनं, बीपीचे कागद, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आणि सर्जनचं सविस्तर पत्र अशी फाइल पुन्हा पाठवली. तेव्हा मंजुरी आली. म्हणून या वाटेवर असाल तर प्रत्येक भेटीत उंची, वजन आणि सुचवलेला उपचार केस पेपरवर लिहून घ्या. तोंडी सल्ल्याला विमा कंपनीकडे किंमत नाही.

या ३५-४० च्या रेषेचा मला मनापासून राग येतो. बेरियाट्रिक (लठ्ठपणाची सर्जरी करणाऱ्या) सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून सर्जरीचा पर्याय द्यावा असं म्हटलं. त्यामागचं कारण तर आपल्या पुण्याच्याच मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका फोटोनिशी दाखवलं होतं : ते स्वतः आणि ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे बीएमआय तोच असला तरी आपल्या अंगात चरबी जास्त असू शकते. मग पेशंटनं ३५ होईपर्यंत बिघडत का राहायचं?

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, आणि घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं. सुरुवातीला फक्त पातळ : गाळलेलं ताक, वरणाचं वरचं पाणी, मुगाचं कढण. घोट घोट, चहाच्या चमच्यानं. एक वाटी संपवायला अर्धा तास लागे, आणि घाई केली की छातीत घट्ट दाटून येई. जेवताना पाणी आजही पीत नाही. बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांवर कायम लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या. ज्यांना आधीच ॲसिडिटीचा मोठा त्रास आहे त्यांनी सर्जनशी नीट बोलावं, स्लीव्हनंतर तो वाढू शकतो.

वजन उतरतंय, बीपीची गोळी निम्म्यावर आली. सीपॅप मात्र चालूच आहे. झोपेची तपासणी पुन्हा झाल्याशिवाय ते बंद करायचं नाही, असं मॅडमनी बजावलंय.