नाकाचं ऑपरेशन करून नाशिकला परतल्यावर

लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं त्यावरून नाशिक हे नाव पडलं, असं पंचवटीत कुणीही सांगेल. त्याच नाशिकची मंडळी आता नाक घडवून घ्यायला मुंबई-पुण्याला जातात आणि दोन-तीन दिवसांत घरी परततात. गुंतागुंत उद्भवते ती बऱ्याचदा इथे आल्यावर. म्हणून निघतानाच सर्जनचा रात्रीही लागणारा नंबर घ्या आणि इथल्या एखाद्या ईएनटी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

सगळ्यात घातक म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साचणं. पडद्याच्या कूर्चेला (कार्टिलेजला) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला वरच्या आवरणातून पोषण मिळतं. मध्ये रक्त साचलं की हे पोषण तुटतं. दोन-तीन दिवसांत कूर्चा मरू लागते, पू होतो आणि पुढे नाक मधोमध खोगिरासारखं खचतं. नाक दोन्हीकडून गच्च झालं, ठणका कमी होण्याऐवजी वाढला, ताप आला, आत मऊ जांभळट फुगवटा दिसला, तर पेनकिलर घेऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच छोटा छेद देऊन ते रक्त काढावं लागतं.

नाक खचण्याचं दुसरं कारण ऑपरेशनमध्येच असतं. नाक घडवायला पडद्यातून कूर्चा काढताना वरच्या आणि पुढच्या कडेला निदान 1 सेंटिमीटरची पट्टी राखायला हवी. ‘आधाराला किती ठेवणार?’ हे सर्जनला बिनधास्त विचारा.

सिगारेट, तंबाखू, मिश्री किमान 4 आठवडे आधी बंद. निकोटिनने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो. अॅस्पिरिन चालू असेल तर सांगा, पण हृदयासाठीची गोळी परस्पर थांबवू नका. नंतर उशाशी उंची ठेवा, 2 आठवडे नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या. चष्म्याचा भार 4 ते 6 आठवडे नको. तोंडभर हेल्मेट नाकावरून ओढावं लागतं, तेव्हा तोवर दुचाकीही नको.

आकाराची घाई मात्र करू नका. शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं, जाड त्वचेत त्याहून जास्त. दुरुस्तीचं ऑपरेशन साधारण 12 महिन्यांनंतरच करतात. पडद्याची कूर्चा आधीच वापरलेली असेल तर कानाची किंवा बरगडीची घेतात. बरगडीची पुढे वाकू शकते, हे आधी समजून घ्या. मधल्या काळात पार्लरमध्ये फिलर (त्वचेखाली टोचायचं जेल) भरून खड्डा बुजवायला अजिबात जाऊ नका. ऑपरेशन झालेल्या नाकातल्या रक्तवाहिन्यांची मांडणी बदललेली असते. फिलर रक्तवाहिनीत शिरलं तर त्वचा काळी पडून मरते, क्वचित दृष्टीही जाते.