अंदाज १, प्रत्यक्षात ४

त्या काळात फोन रात्रभर माझ्या उशीखाली असायचा. दीड-दोन वाजेपर्यंत अंगठा स्क्रीनवर सरकत राहायचा, सकाळी डोळे उघडले की पुन्हा तेच. म्हणून डॉक्टरांनी नैराश्यावर औषध लिहून दिल्यावर “फोनवर एक ॲप घ्या, रोज नोंद ठेवा” असं सांगितलं, तेव्हा मनात आलं, झालं, चोराच्याच हातात किल्ल्या!

त्यांनी एक मात्र स्पष्ट सांगितलं. ॲप औषधाच्या जागी नाही. गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आणि दोन भेटींच्या मधे माझं काय चाललंय ते त्यांना कळायला हवं होतं. कारण “मागचे पंधरा दिवस कसे गेले?” या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असायचं. “सगळे सारखेच.”

पहिल्याच दिवशी ॲपने नऊ प्रश्न विचारले. पीएचक्यू-९ नावाची ही प्रश्नावली जगभरच्या दवाखान्यांत वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं यांचा त्रास किती दिवस झाला, त्याला ० ते ३ गुण. एकूण २७. माझे १७ आले. त्यातला नववा प्रश्न आपण नसतो तर बरं झालं असतं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हा. मी “काही दिवस” वर बोट ठेवलं आणि पडदाच बदलला. मदतीचा नंबर, कुणाशी तरी आत्ता बोला अशी सूचना. मी घाबरून फोन पालथा ठेवला. पाच मिनिटांनी उचलला आणि ताईला लावला. ते वाक्य मी तोपर्यंत कुणापाशीच बोलले नव्हते, डॉक्टरांपाशीही नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे ताई सोबत आली. पुन्हा असं वाटलं तर कुणाला फोन करायचा, ते आम्ही तिघांनी बसून ठरवलं आणि ते नंबर फोनच्या पहिल्या स्क्रीनवर आणून ठेवले.

पुढचे दहा दिवस नेमाने नोंदी केल्या. मग तीन दिवस काही जमलं नाही. चौथ्या दिवशी ॲप उघडलं तर ‘तुमची साखळी तुटली’ आणि खाली एक राखाडी, विझलेली ज्योत. नैराश्यातल्या माणसाला हे दाखवायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल? आधीच सगळं माझ्यामुळे बिघडतंय असं वाटत होतं, त्यात ही भर. ॲप काढून टाकलं. अशा ॲपच्या वापराची मोजणी करणारा २०१९चा एक अभ्यास पुढे वाचनात आला. ॲप घेतलेल्यांपैकी पंधरा दिवसांनीही ते उघडणारे जेमतेम ४ टक्के. म्हणजे मी एकटी नव्हते.

आठवड्याने परत घेतलं ते डॉक्टरांनी सेटिंगमध्ये जाऊन साखळी, बक्षिसं, सुविचार सगळं बंद करून दिलं म्हणून. उरले दोनच भाग. दिवसातून तीनदा “आत्ता कसं वाटतंय?” आणि एक छोटा तक्ता.

पहिल्यात भावनांची यादी होती. सॅड, अँक्शस, टायर्ड. मला यातलं काहीच होत नव्हतं. मला ‘जड’ वाटायचं. कधी ‘सुन्न’. एक दिवस ‘ओल्या गोधडीसारखं’. मी यादी सोडून खालच्या मोकळ्या चौकटीत तेच लिहू लागले, आणि आपल्याला काय होतंय ते आपल्याच शब्दांत सापडल्यावर जरा हायसं वाटलं.

तक्ता मात्र खरा कामाचा निघाला. एखादी गोष्ट करण्याआधी, ती करून किती बरं वाटेल याचा १० पैकी अंदाज लिहायचा. केल्यावर खरा आकडा. उत्साह येईल मग उठू असं म्हणत बसायचं नाही, आधी उठायचं, उत्साह मागून येतो, अशी यामागची उपचारपद्धत आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. १९७०च्या दशकापासूनची. मला पटलं नव्हतं. माझी पहिली नोंद, ‘अंघोळ. अंदाज १.’ टॉवेल घेऊन दारात वीस मिनिटं उभी होते. बाहेर आल्यावर ओल्या बोटांनी ४ टाइप केलं, तर स्क्रीनने दोनदा ४४ घेतलं. ‘खिडकीतली कुंडी. अंदाज ०, प्रत्यक्षात ३.’ ‘मैत्रिणीला फोन. अंदाज २, प्रत्यक्षात २.’ तोही दिवस होताच. पण महिनाभराच्या रकान्यांत माझा अंदाज बहुतेक वेळा खालीच निघाला. मन सांगतं ते खरंच असतं असं नाही, हे मला दहा जणांनी समजावलं होतं. माझ्याच आकड्यांनी सांगितलं तेव्हा वाद घालता येईना.

आलेखातून आणखी एक निघालं. सकाळी २, संध्याकाळी ५, जवळजवळ रोज. ‘सगळे सारखेच’ कुठे होते? नैराश्यात अनेकांना सकाळच जास्त जड जाते, असं डॉक्टर म्हणाले. मग अवघड कामं दुपारनंतर ढकलली आणि ॲपची सकाळी साडेसातची आठवण अकरावर नेली. चार्जर दुसऱ्या खोलीत गेला, उशाशी गजराचं घड्याळ आलं. झोप लगेच सुधारली नाही, पण दीड-दोनचं जागरण थांबलं.

पाच महिने झालेत. गोळी चालू आहे. गेल्या वेळी नऊ प्रश्नांचे गुण ६ आले, नवव्याला शून्य. काल नोंद करायची राहिली. आज सकाळी ते आठवलं, आणि राहू दे म्हणून मी अंघोळीला गेले. अंदाज लिहिलाच नाही.