पिस्तूल निवडताना आधी मूठ बघा

स्पर्धेसाठी स्ट्रायकरवालं पिस्तूल कोणतं घ्यावं, हा प्रश्न इंदूरच्या रेंजवर हल्ली वरचेवर कानावर येतो. मुलं मोबाइलवर परदेशातल्या स्पर्धा बघतात आणि तीच पिस्तुलं डोक्यात बसतात. स्ट्रायकर पद्धतीत बाहेर हॅमर नसतो, स्प्रिंगवर ताणलेली पिन सरळ काडतुसावर आदळते. पिस्तूल म्हणून ते उत्तम, पण ते बनतं प्रामुख्याने ९ मिमीमध्ये आणि आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला सहसा न मिळणाऱ्या नळीच्या मापात मोडतं. शिवाय कारखान्यातून येताना त्याचा ट्रिगर साधारण अडीच किलोचा असतो, म्हणजे दाबायला तेवढा जोर लागतो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर स्पर्धेत एका हाताने, किमान १००० ग्रॅमच्या ट्रिगरवर .२२ इंच बोअरची पिस्तूल चालवायची असते. तिथे या ट्रिगरचं काही काम नाही. .२२ आणि .३२ ला परवाना लागतो, त्याची वाट लांब. म्हणून इंदूर काय, महू काय, घरात पहिलं पिस्तूल येतं ते दाबलेल्या हवेवर चालणारं १० मीटर एअर पिस्तूलच, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच.

निदान चार-सहा महिने क्लबचं पिस्तूल चालवल्याशिवाय खरेदीच्या फंदात पडू नये. हाताची सवय बसायच्या आधी घेतलेलं पिस्तूल बहुधा दुसऱ्याचं ऐकून घेतलेलं असतं. आयात केलेलं चांगलं पिस्तूल दीड लाखाच्या पुढेच जातं, तेव्हा घाई परवडत नाही.

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्दिनी यांपैकी कुठलंही नवं घ्या, नळी तुमच्यापेक्षा चांगलीच मारेल. टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं आणि आतलं ५ मिमीचं. पिस्तूल क्लॅम्पमध्ये धरून चांगल्या पेलेटचे (शिशाच्या छोट्या गोळीचे) पाच शॉट मारले की भोकं एकमेकांवर चढलेली दिसतात. म्हणजे नऊ आणि आठ नळीमुळे येत नाहीत, हातामुळे येतात. आणि हात पिस्तुलाला भेटतो तो मुठीत. म्हणून कंपनीवर वाद घालण्यापेक्षा मुठीचा साइझ ठरवण्यात वेळ घालवावा.

साइझ कंपनीगणिक वेगळा असतो; एकाचा मीडियम दुसऱ्याच्या स्मॉलएवढा निघतो. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने रेघ मारावी, बोटांची लांबी आणि पंजाची रुंदी मोजावी आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघावी. दोन साइझच्या मधे अडकलात तर लहान घ्या. लहान मूठ भरून वाढवता येते, मोठी कोरत बसलं की तिचा आकारच जातो. डावखुऱ्यांनी ऑर्डर देताना दोनदा खातरी करावी.

मूठ बसते की नाही, हे बघायची पद्धत सोपी आहे. कोऱ्या भिंतीसमोर रोजच्यासारखं उभं राहायचं, पिस्तूल पकडायचं, डोळे मिटून हात वर न्यायचा, मनगट घट्ट करायचं आणि मग डोळे उघडायचे. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेच्या मधोमध, वरची कड सारखी, अशी आपसूक दिसली पाहिजे. एकदा दिसली म्हणून भुलू नका, लागोपाठ दहा वेळा करून बघा. ती सातत्याने एका बाजूला जात असेल तर मूठ आडवी फिरवायचा स्क्रू थोडा थोडा फिरवावा. खाली बुडत किंवा वर निघत असेल तर मुठीचा कोन बदलावा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. मनगट वाकवून साइट जुळवायची सवय लागली की साठ शॉटांच्या मॅचमध्ये चाळिसाव्यानंतर मनगट थकतं आणि शॉट जुन्या जागेकडे पळायला लागतात.

मूठ भरायला वुड पुट्टी किंवा दोन भाग मळून लावायचं एपॉक्सी चालतं. लाकडाला आधी पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्यावं, म्हणजे ते धरतं. पातळ थर लावायचा, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून पिस्तूल पकडायचं, आकार उमटू द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. मग आधी ८० आणि नंतर १५० नंबरचा कागद. सगळ्यांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: भरत भरत मूठ इतकी घट्ट करतात की हात आत सरकवायला कसरत लागते. ट्रिगरवरचं बोट मुठीच्या लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकलं की ट्रिगर दाबताना ते लाकडालाही ढकलतं. तळव्याखालचा आधार हलका टेकेल इतकाच वर घ्यावा. तो मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नसावा आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे, असा नियम आहे. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे स्पर्धेआधी पिस्तूल तपासतात त्या टेबलावर मुठीवरून वाद होतो तो यावरूनच.

वजनाची मर्यादा १५०० ग्रॅम आणि आकारासाठी ४२० × २०० × ५० मिमीची पेटी. बाजारातली बहुतेक पिस्तुलं किलोच्या आत-बाहेर असतात, त्यामुळे नियमाची चिंता नाही, चिंता खांद्याची. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला लांब नळीचं, पूर्ण वजनाचं पिस्तूल देऊ नका. त्या वयासाठी आखूड, हलकी मॉडेल मिळतात. जड पिस्तूल स्थिर राहतं हे खरं, पण ते पंधरा सेकंद उचलून धरता आलं पाहिजे, तेही साठ-सत्तर वेळा.

ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. पिस्तुलाची नळी वर करून, ट्रिगरला वजन अडकवून ते उचलतात. तीन प्रयत्नांत पास झालं पाहिजे. बरोब्बर ५०० वर ठेवणारे नेमके मॅचच्या दिवशी अडकतात, कारण स्प्रिंग जराशी बसते किंवा वजनाची तार ट्रिगरच्या वेगळ्या जागी टेकते. ५१० ते ५२० वर ठेवा, त्या वीस ग्रॅमने शॉट बिघडत नाही. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो; पहिल्या टप्प्यात बहुतेक वजन आणि दुसऱ्यात शंभर-दीडशे ग्रॅम, अशी विभागणी नवशिक्याला झेपते. टेस्ट वेट विकत घ्यायचं नसेल तर छोट्या बाटलीत वाळू भरून तिला जाड तारेचा हूक लावा आणि सराफ्यात एखाद्या ओळखीच्या दुकानात काट्यावर हुकासकट मोजून घ्या. सराफा रात्रीच्या खाऊगल्लीसाठी प्रसिद्ध, पण तिथे दिवसाही सराफांची दुकानं असतात, हे इंदूरच्या तरुण मंडळींना सांगावं लागतं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की मेकॅनिकल? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर गुळगुळीत आणि एकसारखा सुटतो, यात शंका नाही. पण बिघडला तर जागेवर दुरुस्त होत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरच्या पिस्तुलात मॅचच्या मध्येच बिघाड झाला, बराच वेळ दुरुस्तीत गेला, तरी तिने ५७५ मारले आणि अंतिम फेरी २ गुणांनी हुकली. तिच्यासोबत प्रशिक्षक आणि दुसरी सोय होती. जिल्हा किंवा राज्य पातळीवर एकट्याने जाणाऱ्या मुलाने मेकॅनिकल घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचं जवळपास कुणाला काही करता येत नाही, ते पहिल्या खरेदीत कशाला?

ड्राय फायरची, म्हणजे पेलेट न मारता नुसता ट्रिगर दाबायची सोय मात्र हवीच. घरचा सराव त्यावर चालतो: पांढऱ्या भिंतीसमोर, फक्त साइट आणि ट्रिगर, रोज वीस मिनिटं.

हवेच्या सिलिंडरकडे कुणी लक्ष देत नाही आणि जुनं पिस्तूल घेताना फसवणूक तिथेच होते. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि आयुष्य त्या तारखेपासून १० वर्षं. मुदत उलटलेलं सिलिंडर स्पर्धेत नेता येत नाही, ते बघणं नेमबाजाची जबाबदारी. पिस्तूल स्वस्त दिसलं तर आधी ती तारीख वाचा आणि नव्या सिलिंडरची किंमत जोडून पुन्हा हिशेब करा. मग सिलिंडर २०० बारला भरून, गेजचा आकडा लिहून रात्रभर ठेवा. भरताना हवा तापते, म्हणून गार झाल्यावरचा आकडा धरायचा. सकाळी तो उतरला असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा. बहुधा ओ-रिंग (रबराची कडी) गळत असते आणि ती स्वस्तात बदलते. क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर दहा शॉट मोजा. वेग १५० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असावा. थोडं थांबून मारलेला पहिला शॉट दरवेळी जास्त वेगाचा येत असेल तर रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) सरकतोय. जुन्या मालकाने कोरलेल्या मुठीला मात्र शून्य किंमत धरा, ती त्याच्या हाताची आहे.

मे महिन्यात भरलेलं सिलिंडर बंद गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार असलेली हवा ६० अंशांना २२० च्या वर जाते. पावसाळ्यात उलटा त्रास: दमट हवा पंपातून दाबली की पाणी आत साचतं आणि रेग्युलेटर खराब होतो. हातपंप असो की कॉम्प्रेसर, ओलावा शोषणारा फिल्टर लावा आणि त्यातले दाणे वेळेवर बदला. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून भरायचा विचारही करू नका. तेल किंवा ग्रीसच्या अंशाबरोबर त्याचा स्फोट होतो.

पेलेट शेवटी निवडायची. पिस्तुलासाठी साधारण ०.४५ ग्रॅमची, डोकं ४.४८ ते ४.५० मिमी. दोन-तीन डब्या आणून क्लॅम्पमधून प्रत्येकीचे दहा शॉट घ्या, जिची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतात ती ठेवा. त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या डब्या एकदम घ्या. पुढचा लॉट वेगळा पडतो. आणि शिशाला हात लागलेला असतो, तेव्हा रेंजवरून निघाल्यावर पोहे-जिलबीच्या आधी हात साबणाने धुवा.