नऊ सेफ्टी पिना

व्हिएन्नातल्या बॉलला, म्हणजे नाचाच्या शाही समारंभाला जायचं ठरलं तेव्हा पहिला घोळ माझ्या साडीचा नव्हता, नवऱ्याच्या गळ्याचा होता.

व्हिएन्नात 11 नोव्हेंबरला बॉलचा हंगाम सुरू होतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत तर नुसता धुमाकूळ असतो. एका हंगामात चारशेहून जास्त बॉल. डॉक्टरांचा वेगळा, वकिलांचा वेगळा, शिकाऱ्यांचा, कॉफीहाउसवाल्यांचा, मिठाईवाल्यांचासुद्धा. पुण्यात गल्लीगणिक मंडळ, तसा इथं धंद्यागणिक बॉल. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी दोन तिकिटं दिली, तीही हॉफबुर्गची, म्हणजे थेट हॅब्सबर्ग सम्राटांच्या राजवाड्यातली. नाही म्हणायची सोयच नव्हती.

तिकिटासोबत कपड्यांचं फर्मान. पुरुषांनी काळा फ्रॅक घालायचा, पुढून आखूड आणि मागे दोन शेपट्यांचा. आत पांढरा वेस्टकोट, गळ्याला पांढरा बो. फ्रॅकवर मनगटी घड्याळ घालत नाहीत, हे ऑफिसातल्यांनी वर सांगितलं. आणि काळा बो? तो वेटरचा. ऐन निघताना भाड्याच्या फ्रॅकबरोबरचा पांढरा बो काही सापडेना. ‘गळ्याकडे कोण बघतंय!’ म्हणत नवऱ्यानं घरातला काळा लावला. आत शिरून दहा मिनिटं झाली नसतील, एका आजीबाईंनी रिकामा ग्लास त्याच्या हातात दिला. आणि आमचं हे सोज्वळ प्रकरण ‘बिट्टे’ (जर्मनमधलं ‘घ्या ना, हरकत नाही’) म्हणून तो काउंटरवर नेऊन ठेवून आलं!

बायकांना मुख्य अट एकच, पोशाख जमिनीपर्यंत हवा. त्या परीक्षेत पैठणी पहिल्या वर्गात पास. घोडं अडलं ते पुढे. व्हिएन्नाचा वॉल्ट्झ म्हणजे एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, मिनिटाला साठेक वेळा, आणि सगळा वेळ गिरक्या. पाऊल मागे टाकलं की टाच निऱ्यांत. पूर्वीच्या बायकांनाही हीच पीडा असणार, कारण त्यांच्या झग्याचा घोळ मागे लोळायचा. मग त्या घोळाच्या काठाला एक बंद शिवलेला असे. नाचताना तो मनगटात अडकवायचा, की घोळ आपोआप वर. साधी युक्ती, पण कुणातरी शिंपिणीला किती विचार करावा लागला असेल! मी आपली निऱ्या जरा उंच घेतल्या आणि खांद्यापासून कमरेपर्यंत नऊ सेफ्टी पिना ठोकल्या.

दारात बायकांना एक छोटी भेटवस्तू देतात. ती प्रथा जुनी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यात नाचाची वही मिळे. इथल्या संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या अशा वह्या मी पाहिल्यात. काड्यापेटीएवढी वही, दोरीला करंगळीच्या पेराएवढी पेन्सिल. आत छापलेलं: वॉल्ट्झ, पोल्का, क्वाड्रिल, आणि प्रत्येकापुढे रेघ. त्या रेघेवर ज्याच्याबरोबर तो नाच करायचा त्याचं नाव. काही नावं अगदीच कोंबडीच्या पायांसारखी. टेबल नाही, पाठीमागे धक्के, समोर मुलीची आई. अक्षर कुठून सुधारणार? आणि एकच नाव दोनदोन-तीनतीन रेघांवर दिसलं, की गावभर चर्चा: काय, ठरलं वाटतं?

एवढा हिशेब कशासाठी, तर परक्या पुरुषानं चारचौघांत कमरेला हात लावायचा म्हणून. 1816 साली लंडनच्या ‘टाइम्स’नं वॉल्ट्झला अश्लील परदेशी नाच म्हणून झोडपलं होतं. हातमोजे, वही, आईची खुर्ची ही सगळी त्या एका हाताभोवतीची तटबंदी. माझं माहेर मडगावचं, त्यामुळे मला राहून राहून तिथला मांडो हा नाच आठवत होता. गोव्यातल्या ख्रिस्ती भाटकारांनी, म्हणजे जमीनदारांनी त्याच शतकात आपल्यापुरता हा प्रश्न निराळाच सोडवला. बायकांची एक रांग, पुरुषांची समोर दुसरी. बायकांच्या अंगात ‘बाजू’ नावाचं मखमली जाकीट, हातात पंखा. संथ पावलं पुढे येतात, मागे जातात, स्पर्श मुळीच नाही. बोलायचं ते पंखा बोलतो. मला विचाराल तर मांडोत जास्त धोका आहे.

एका वृद्ध गृहस्थांनी वाकून मला वॉल्ट्झसाठी विचारलं. पांढरे हातमोजे, दाढी कातरलेली. मी दोनदा त्यांच्या बुटावर उभी राहिले. दोन्ही वेळा त्यांनीच माफी मागितली. संगीत थांबल्यावर मी आपली वळून चालायला लागले, तर त्यांनी कोपर पुढे केलं आणि थेट माझ्या खुर्चीपर्यंत आणून सोडलं, नवऱ्याकडे बघून मान लववली, मग गेले. जिथून नेलं तिथं आणून पोचवायचं, असा नियमच आहे. आमच्याकडे वरातीत हाताला धरून ओढत नेतात, आणि परत? परत आपलं आपण, चप्पल शोधत.

मध्यरात्री क्वाड्रिल झाली. एक माणूस माइकवर फ्रेंच-जर्मन मिसळून हुकूम सोडतो आणि शेकडो लोक रांगा करून चुकतात. प्रत्येक फेरीला वेग वाढतो. शेवटी माझ्या पुढ्यात नवरा यायला हवा होता, तर आल्या त्या ग्लासवाल्या आजी. माझ्या नवऱ्याचा तो काळा बो त्यांनी ओळखला होता बहुतेक; हसून हसून त्यांना उभंही राहवेना.

पहाटे पाच वाजता घरी येऊन पिना काढल्या. आठ सापडल्या. नववी एकतर हॉफबुर्गच्या लाकडी जमिनीवर असेल, नाहीतर त्या गृहस्थांच्या बाहीत.