शेळीचा क्लोजअप कसा मिळाला त्याची गोष्ट

ऍड आणि सिरीयलच्या शूटिंगला लागणारी जनावरं शोधायची, त्यांना तयार करायचं आणि शूटच्या दिवशी त्यांच्यासोबत थांबायचं हे माझं काम, राहायला लातूरला. हा किस्सा एका पतसंस्थेच्या ऍडचा आहे, त्यांचं मोबाईल ऍप नवीन आलेलं. ऍड तीस सेकंदांची. आजोबा बाजेवर झोपलेत, सदरा खुंटीला, खिशातून पासबुक डोकावतंय, शेळी येते, मागच्या दोन पायांवर उभी राहते, पासबुक ओढते आणि चावत चावत कॅमेऱ्याकडं बघते. तेवढ्यात कुत्रा तोंडात मोबाईल धरून आजोबांना आणून देतो. बस.

आधीच्या स्क्रिप्टमध्ये शेळीच्या जागी माकड होतं. मी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की माकड होणार नाही, अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना शिकवून खेळ करून घ्यायला केंद्र सरकारनं 1998 पासून बंदी घातलीय. कुणीतरी म्हणालं की गावाकडं कोण बघतंय. ऍड टीव्हीवर लागणार आहे, अख्खा महाराष्ट्र बघणार आहे, आणि कुणी बघत नसलं तरी मी केलं नसतं.

मग मीच शेळी सुचवली कारण दोन पायांवर उभं राहणं तिला शिकवावं लागत नाही, बोरीबाभळीचा पाला ओरबाडायला ती दिवसभर तेच करते. आपण फक्त जागा बदलायची. आणि आपल्याकडची उस्मानाबादी शेळी म्हणजे अशा कामाला एक नंबर, बहुतेक सगळ्या काळ्याभोर आणि कान लांब, त्यामुळं एक दमली की दुसरी उभी करा, टीव्हीवर कुणाला फरक कळत नाही. धाराशिवहून तेरकडं जाताना एका वाडीत एका आजींकडं तशा दोन शेळ्या मिळाल्या. बोरीची फांदी आधी शेळीच्या तोंडाजवळ, मग भिंतीला टेकवून, मग रोज थोडी वर सरकवत नेऊन शेवटी सदऱ्याच्या खिशात. पाय वर गेले की क्लिकर, म्हणजे दाबलं की टिक वाजणारी छोटी डबी, वाजवायचा आणि चार भिजवलेले हरभरे द्यायचे. काही दिवसांनी फांदी काढून टाकली तरी ती खिशातच तोंड घालायची.

पासबुक खरं वापरलंच नाही. शेळी काहीही खाते असं लोक म्हणतात ते चुकीचं आहे, ती ओठांनी चाचपून बघते, वास घेते आणि बऱ्याच गोष्टी सोडून देते, खाण्याच्या बाबतीत लई चोखंदळ जनावर. पण शाईचा कागद तिच्या पोटात जायला नको म्हणून केकवर लावतात तो खायचा कागद घेतला, खायच्याच रंगानं कव्हर केलं, कडेला गुळाचं पाणी. जनावरांचे डॉक्टर सेटवर होतेच, ते म्हणाले दोन-चार घासांच्या वर जाऊ देऊ नका, गोड जास्त झालं की पोट फुगतं.

शूट ‘वेळ अमावस्या’, म्हणजे आपल्याकडचा मार्गशीर्षातल्या अमावस्येचा शेतातला सण, झाल्यावरच्या आठवड्यात थंडीत ठेवलं, एप्रिलमध्ये असलं काम मी घेतच नाही, आपल्याकडचं ऊन जनावराला उभं राहू देत नाही. सकाळी सगळं नीट चाललं होतं. क्लॅप, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला वाजवतात ती नंबराची पाटी, शेळीच्या तोंडासमोर वाजवायचा नाही म्हणून ती पाटी टेक संपल्यावर उलटी दाखवायची ठरलं. शेळीला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, त्यामुळं मागून कुणी थर्मोकोल घेऊन सरकलं तरी ती दचकते, म्हणून लाईटवाल्या पोरांना सांगितलं की रोल म्हटलं की हलायचं नाही. उभं राहण्याचा आणि ओढण्याचा शॉट मिळाला. नंतर क्लोजअप लावला आणि तिनं ओरडायला सुरुवात केली ती थांबेचना. मान सारखी गेटकडं. पासबुक तोंडात धरायची आणि बें करून सोडून द्यायची.

डायरेक्टर वैतागले. त्यांचा असिस्टंट पुढं येऊन म्हणाला की नायलॉनचा बारीक दोरा गळ्याला बांधू आणि कॅमेऱ्याच्या बाजूनं ओढू, दोरा एडिटमध्ये पुसता येतो. मी तिथंच सांगितलं की दोरा लागला तर शेळी घेऊन चाललो, आणि डॉक्टरांनीही माझ्या बाजूनं सांगितलं. ओढून आणलेलं तोंड पडद्यावर कळतं हो, डोळे ताणलेले, कान मागं, त्याच्यावर कुणाला हसू येईल? हसू येतं ते जनावर निवांत असल्यावरच, हे मी प्रत्येक मीटिंगला भांडून सांगत आलोय.

आजी बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. मी म्हटलं, आजी, कामून ओरडायलीय ही?

"आरं लेकरा, तिचं करडू गेटाच्या भाईर बांधलंय की तुमच्या पोरांनी. ती कुटं बघायलीय ते बघ की."

करडू दंगा करतंय म्हणून सेटवरच्या पोरांनी ते बाहेर नेऊन बांधलं होतं. ते आणलं, आधी पाजू दिलं, आणि मग डायरेक्टरांना म्हटलं, साहेब, हे आपण कॅमेऱ्याखालीच बांधू, बरोबर लेन्सच्या खाली. बांधलं. सगळे गप. शेळीनं पासबुक ओढलं, दोनदा चावलं, एक कोपरा ओठाबाहेर लोंबतोय, आणि मान खाली करून थेट लेन्सकडं बघितलं. कान सैल, जबडा डावीकडून उजवीकडं संथ फिरतोय, ती आडवी बाहुली स्थिर. बँकेतला जुना कॅशियर चष्म्यावरून बघतो ना, तस्सं. फोकसवाला पोरगा हसू दाबता दाबता लाल झाला, कट म्हटल्यावर अख्खं युनिट फुटलं.

कुत्र्याचा शॉट सोपा होता. पुण्याहून आणलेला लॅब्रॅडोर, हाताच्या इशाऱ्यावर काम करणारा, पण शेळीला त्याच्यासोबत उभं करायचं नव्हतं. कॅमेरा स्टँडवर पक्का केला, आधी शेळी घेतली, ती बाहेर गेल्यावर लगेच कुत्रा, सावली सरकायच्या आत, आणि दोन्ही अर्ध्या फ्रेमा एडिटला जोडल्या. दुपारी शेळी रवंथ करत बसली तेव्हा पॅकअप म्हटलं, रवंथ करणाऱ्या शेळीला मी उठवत नाही.

पुढं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि शूटिंग बघायला केंद्र सरकारच्या ऍनिमल वेल्फेअर बोर्डाकडं, हरियाणात बल्लभगडला पाठवलं, तिकडून एनओसी आली आणि मगच ऍड लागली. आजींनी करडाचेही पैसे मागितले, त्यानं बी काम केलंय म्हणून, आणि ते मी बिलात वेगळी ओळ टाकून घेऊन दिले, कारण त्याच्याशिवाय तो शॉट झालाच नसता.

परवा दुसऱ्या एका ऍडवाल्यांचा फोन होता, तीच शेळी पाहिजे म्हणे. ती आता गाभण आहे, शेळीचे पाच महिने असतात, मी नाही म्हणून सांगितलंय. आजींची दुसरी शेळी दाखवायला रविवारी त्यांना वाडीवर नेणार आहे.